'माझा प्रवास' बैलाच्या बाजूनं वाचताना

हिंगोलीत रिक्षात बसून नुसतं "पलटण" म्हणा, रिक्षावाला कुठली पलटण असं विचारत नाही. रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही नावंही तशीच. मी इथंच वाढले आणि बारावीपर्यंत मला रिसाला म्हणजे घोडदळ हे माहीत नव्हतं. आमच्या लेखी ते फक्त एका भागाचं नाव होतं. पेन्शनपुऱ्यात पेन्शन कुणाला मिळायची, कशाबद्दल मिळायची, हा प्रश्न वर्गात कुणी विचारला नाही आणि मलाही पडला नाही.

हा ब्लॉग नेहमी वाचणाऱ्यांना माझा विषय माहीत आहे. उन्हात काम करणाऱ्या बैलाच्या शरीरात काय होतं ते मी मोजते. एप्रिल-मेमध्ये नांगरट चालू असताना दर अर्ध्या तासानं लाल कंधारी बैलाचं तापमान घ्यायचं, कुशीची हालचाल बघून मिनिटाला श्वास किती ते मोजायचं, तोंडाला फेस कधी आला ते लिहायचं. काम कंटाळवाणं आहे आणि लाथ बसते. मागच्या वर्षी माझ्या प्रगतीच्या सादरीकरणात एका परीक्षकांनी विचारलं, "ट्रॅक्टरच्या जमान्यात याचा उपयोग काय?" मी तेव्हा ऊसतोडीच्या गाड्यांबद्दल काहीतरी अडखळत बोलले. त्याच महिन्यात विष्णुभट गोडशांचं 'माझा प्रवास' पुन्हा वाचलं, आणि त्या प्रश्नाचं आणखी एक उत्तर मला पुस्तकात सापडलं. म्हणून यावेळी प्रयोगाबद्दल न लिहिता पुस्तकाबद्दल लिहिते आहे. मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पुस्तक बहुतेकांना माहीत असेल, तरी थोडक्यात सांगते. गोडसे भटजी पेण तालुक्यातल्या वरसईचे. घरात कर्ज झालेलं. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, असं कानावर आलं म्हणून १८५७ मध्ये काकांबरोबर पायी निघाले. महूच्या आसपास पोचेपर्यंत बंड पेटलं. मग ग्वाल्हेर, झाशी, काल्पी, पुढं काशी-अयोध्येपर्यंत हा माणूस चालत राहिला. झाशीला वेढा पडला तेव्हा तो आत होता, शहर पडलं तेव्हाही आतच होता. वाटेत लुटला गेला, आणि शेवटी गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी आला. सुमारे पंचवीस वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून, त्यानं हे सगळं मोडीत लिहून काढलं. वैद्यांनी ते १९०७ मध्ये छापलं, पण भाषेवरून हात फिरवून आणि काटछाट करून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी केलेली आवृत्ती १९६६ ची. वाचणार असाल तर ती वाचा. वैद्यांचं मराठी सरळ चालतं, मूळ भटजी मात्र अडखळत, धापा टाकत सांगतात, आणि मला त्या धापाच हव्या होत्या.

आता हिंगोलीचा आणि झाशीचा संबंध काय? सरळ रेषेत अंतर साडेसहाशे किलोमीटर आहे. संबंध हैदराबाद कंटिन्जंटचा. निजामाच्या पैशातून पोसलेली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमातली ही फौज. तिचा खर्च भागावा म्हणून १८५३ च्या तहानं वऱ्हाड इंग्रजांकडे गेला. बोलारम, औरंगाबाद, एलिचपूर अशी तिची ठाणी होती, त्यातलं एक हिंगोली. १९०३ मध्ये ही फौज हिंदुस्थानच्या मुख्य सैन्यात विरघळली, छावणी उठली आणि आपल्याकडे नावं उरली. १८५८ मध्ये सर ह्यू रोज झाशीवर चालून गेला तेव्हा त्याच्याबरोबर या कंटिन्जंटचं पायदळ होतं, घोडदळ होतं, तोफाही होत्या. नेमका हिंगोलीचा म्हणून कोण होता हे मला सांगता येणार नाही, कारण पलटणी ठाणं बदलत असत. पण पलटण, रिसाला आणि तोफखाना ज्या फौजेच्या आठवणीत उरलेत, ती फौज झाशीच्या तटाबाहेर उभी होती.

आणि तटाच्या आत? राणीच्या सासरचे नेवाळकर मूळ रत्नागिरीकडचे. मदतीला धावून आलेला तात्या टोपे जन्मानं येवल्याचा. रोजच्या बाजूला मुंबईच्या देशी पलटणी होत्या, मद्रासचे सॅपर होते, आणि आपले हैदराबादी. कंटिन्जंटमध्ये दख्खनी मुसलमान होते, तसे उत्तरेतून आलेले 'परदेशी'ही होते, म्हणजे काहींना तर समोर गाववालाच दिसला असेल. आपण याला बंड म्हणतो किंवा स्वातंत्र्यसमर म्हणतो. गृहयुद्ध म्हणायला जीभ वळत नाही. पण औरंगाबादेत जून १८५७ मध्ये याच कंटिन्जंटच्या घोडदळात जी धुसफूस झाली, तिचं कारण बघा. निजामाच्या हद्दीबाहेर, दिल्लीकडे, आपल्याच लोकांशी लढायला नेणार ही भीती. जनरल वुडबर्ननं पुण्याकडून फौज आणून ते मोडून काढलं आणि काहींना देहदंड दिला. त्याच फौजेचे उरलेले लोक पुढं झाशी-ग्वाल्हेरपर्यंत चालत गेले. त्यांच्या मनात काय होतं याचा कागद मला कुठं मिळाला नाही. पायांचं काय झालं असेल याचा अंदाज मात्र करता येतो. तोच मी करणार आहे.

'माझा प्रवास'बद्दल जे काही लिहिलं जातं त्यात एक प्रसंग हमखास येतो. काल्पीजवळ पहाटे रस्त्यावर भटजींना राणी भेटते. पुरुषी पोशाख, अंगावर धूळ, लढाई हरून परत चाललेली, तहानलेली. भटजी विहिरीतून पाणी काढून द्यायला पुढं होतात. ती म्हणते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका. आणि स्वतः पाणी काढून पिते. यावर आजवर जे वाचलं ते सगळं राणीच्या नम्रतेबद्दल, नशिबाबद्दल, तिच्या त्या वेळच्या बोलण्याबद्दल. ठीक आहे. पण मी ज्या खोलीत बसून वाचत होते तिथं बाहेर ४३ अंश होते, आणि मला आधी विहीर दिसली. मे महिन्यातली विहीर, म्हणजे पाणी तळाला गेलेलं. दोर, मातीचं भांडं, हातानं ओढायचं. रात्रभर घोड्यावर असलेल्या बाईनं.

त्या हवेत मेहनत करणाऱ्या माणसाला तासाला लिटरभर घाम सहज येतो. पन्नास-पंचावन्न किलोच्या माणसाच्या अंगातलं लिटर-सव्वालिटर पाणी गेलं की हातापायाची ताकद घटते, निर्णय चुकायला लागतात. हे आता प्रयोगशाळेत मोजलेलं आहे. म्हणजे तासा-दीड तासाची दौड झाली की माणूस पहिल्यासारखा राहिलेला नसतो. अशा अवस्थेत सुद्धा कोण कुणासाठी पाणी काढणार याचा विचार त्या दोघांच्या डोक्यात जागा होता. मला त्या प्रसंगातली ही गोष्ट थक्क करते, आणि भटजींनी ती न सजवता सांगितली आहे. तहान आणि सोवळं एकाच विहिरीवर उभं आहे. तिच्या घोड्याला पाणी कुणी पाजलं, हे मात्र माझ्या लक्षात राहील असं त्यांनी काही सांगितलेलं नाही. झाशीवरच्या सिनेमांतही घोड्याला कुणी पाणी पाजताना मी पाहिलेलं नाही. उन्हात राबलेला घोडा चाळीस लिटरच्या पुढं पाणी पितो हो.

आता बैलाकडे येते, कारण माझी तक्रार तिथं आहे.

फौज म्हटलं की आपल्याला तलवारी दिसतात. प्रत्यक्षात रस्त्यावरून जाताना दिसायची ती गाड्यांची रांग. पीठ, डाळ, दारूगोळा, तंबू, आजारी माणसं. अवजड तोफांना हत्ती आणि बैल, बाकीच्या सामानाला गाड्या, उंट, पाठीवर ओझं वाहणारे बैल. एक हिशोब करून बघू. चारशे किलोचा बैल कामाच्या दिवसात आठ ते दहा किलो सुका चारा खातो. जोडीला झाले अठरा धरू. कच्च्या रस्त्यावर गाडीत पाच क्विंटल माल धरला आणि चाराही गाडीतच न्यायचा ठरवला, तर २८ दिवसांत जोडी सगळी गाडी खाऊन संपवते. दिवसाचा मुक्काम सोळा किलोमीटर पकडा. अर्धा माल पोचवून रिकाम्या गाडीनं परत यायचं असेल, आणि परतीचाही चारा गाडीतच असेल, तर एकेरी मजल जास्तीत जास्त ११०-११५ किलोमीटर. झाशी तर आपल्यापासून पक्ष्याच्या वाटेनं साडेसहाशे. म्हणजे चारा बरोबर नेणं शक्यच नाही. तो वाटेवर मिळाला पाहिजे. गवत नसेल तर फौज पुढं सरकत नाही, मग सेनापती कितीही शूर असो.

पाण्याचाही हिशोब तसाच. उन्हाळ्यात बैलाला चाळीस लिटर पाणी लागतं. शंभर गाड्या, दोनशे बैल, म्हणजे आठ हजार लिटर. विहिरीवर एका खेपेला दहा लिटरची बादली येते असं धरा आणि मिनिटाला एक खेप. आठशे मिनिटं. तेरा तासांहून जास्त, आणि अजून एकाही माणसानं पाणी प्यायलेलं नाही. सोबत चार विहिरी असल्या तरी सव्वातीन तास गेले. शिपायांनी रात्री दोन वाजता कूच करायचं, सकाळी उन्हं चढायच्या आत मुक्काम गाठायचा, ही त्या मोहिमेची रीत होती. मग पाणी भरणारे कधी झोपत होते?

हा हिशोब डोक्यात ठेवून रोजच्या मोहिमेच्या तारखा बघा. सिहोरहून तो १६ जानेवारी १८५८ ला निघाला. राहतगड महिनाअखेरीस पडलं, ३ फेब्रुवारीला तो सागरला पोचला. थंडी होती, हवा चांगली होती. आणि तिथं तो २७ फेब्रुवारीपर्यंत अडकून पडला. अडवणारी कुणाची फौज नव्हती. धान्य आणि वाहतुकीची जनावरं जमेनात. ते तीन आठवडे गेले म्हणून झाशीचा वेढा मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पडला, हल्ला ३ एप्रिलला झाला, कुंचची लढाई ७ मेला आणि काल्पीची २२ मेला. बुंदेलखंडातला मे! आपल्याकडे पुस्तकांत या मोहिमेचं वर्णन झाशी, काल्पी, ग्वाल्हेर असं येतं, एकापाठोपाठ एक, जणू नकाशावर बोट फिरवलं. सागरच्या त्या तीन आठवड्यांवर फार तर एक वाक्य असतं. माझ्या मते तिथंच ठरलं की या लढाया थंडीत होणार नाहीत, उन्हात होणार.

त्याआधीच्या पावसाळ्याचंही असंच. वुडबर्नची फौज औरंगाबादेत अडकली, स्टुअर्टच्या हाताखाली ती १२ जुलैला महूकडे निघाली आणि २ ऑगस्टला पोचली. जुलैमध्ये काळ्या मातीतून गाडी हाकणं म्हणजे काय हे मराठवाड्याच्या वाचकाला मी सांगायला नको. चाकाला मातीचा असा लोंदा धरतो की दर शंभर पावलांवर पहारीनं खरवडावं लागतं. जोडी गुडघ्यावर बसते. आमचे आबा म्हणायचे, "बैल थांबला की थांबायचं असतं माय. त्याला समजतं, आपल्याला समजत न्हाई." फौजेत थांबायची सोय नव्हती. बैल बसला की सामान दुसऱ्या गाडीत आणि बैल रस्त्याच्या कडेला.

राणीला हे कळत होतं, आणि हे मला तिच्या घोडेस्वारीपेक्षा मोठं वाटतं. रोज झाशीपाशी पोचला तेव्हा आसपासचा मुलूख तिनं उघडा करून ठेवला होता. गवत नाही, सावलीला झाड नाही. हे रोजच्याच अहवालात आहे. त्याच अहवालात पुढं हेही आहे की शिंदे आणि ओरछा या दोन संस्थानांनी गवत, सरपण, भाजीपाला पुरवला म्हणून त्याचं निभावलं. झाशी का पडली याची कारणं सांगताना आपण फितुरी शोधतो, दरवाजा कुणी उघडला ते शोधतो. गवताच्या भाऱ्यांची फितुरी मात्र आपल्या व्याख्येत बसत नाही. ते भारे कुणी कापले, कुणी वाहिले? ओरछ्याच्या रानातल्या बायांनीच ना.

गोडशांनी वेढ्याचे दिवस आतून लिहिलेत. तोफांचे गोळे, जळणारी घरं, तात्याची फौज येताना तटावरून दिसलेली आशा आणि १ एप्रिलला बेतव्यावर ती मोडलेली. मग शहर पडल्यावरची कत्तल आणि लूट. लूट कशी टप्प्याटप्प्यानं झाली ते त्यांनी एखाद्या कारकुनासारखं लिहिलं आहे. आधी सोनं-नाणं, मग भांडीकुंडी, मग कपडे, मग धान्य. गोऱ्यांचं झाल्यावर देशी पलटणींची पाळी. तिथं वाचताना मी थांबले. ३ एप्रिलच्या हल्ल्याच्या तुकड्यांत हैदराबादी पायदळ होतं. म्हणजे भटजी ज्यांच्यापासून लपून बसले होते त्यांच्यात आमच्या पेन्शनपुऱ्यातला कुणी असू शकतो. गावाच्या अभिमानाच्या यादीत हे कुठं लिहायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्याला नुसतं लुटारू म्हणून मोकळंही होता येत नाही. तो आठ-नऊ महिने चालत होता.

गोडशांचं बळ त्यांच्या पायात आहे. अंतर कोसात, दिवस मुक्कामात, जेवण मिळालं की नाही, दक्षिणा किती, ओझं कुणी घेतलं, रात्र कुठं काढली. चालणाऱ्या माणसाला जे कळतं ते सगळं त्यांना कळतं. मराठीत लढाईची वर्णनं भरपूर आहेत. लढाईच्या मुलुखातून पायी जाण्याचं इतकं खरं वर्णन मला दुसरं माहीत नाही. तारखांसाठी मात्र त्यांच्यावर भरवसा ठेवू नका. पंचवीस वर्षांनी आठवून लिहिलेलं आहे, ऐकीव गोष्टी पाहिलेल्यात मिसळल्या आहेत. माझ्या भाषेत सांगायचं तर त्यांचं मोजमाप कच्चं आहे, निरीक्षण पक्कं आहे.

त्यांची मर्यादाही तीच, की डोळा वर जातो, खाली कमी. राजे, राण्या, दिवाण, शास्त्री, यजमान यांची नावं येतात. गाडीवान, मोतद्दार, पखाल वाहणारा भिस्ती हे गर्दीत राहतात. यात भटजींना एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. आपल्या भाषेनंच या लोकांसाठी शब्द केला, 'बाजारबुणगे'. पानिपतापासून आपण तो शिवीसारखा वापरतो. बाजारबुणग्यांमुळं फौज जड झाली, बाजारबुणग्यांमुळं हरलो. पण वर केलेला हिशोब बघा. पीठ दळणारा, गवत कापणारा, पाणी भरणारा, बैलाच्या खुराला पत्री ठोकणारा वजा केला तर शिपाई तिसऱ्या दिवशी उभा राहत नाही. शिपायांतही बरेचजण आपापली चूल वेगळी मांडायचे, लोटा वेगळा, चौका वेगळा. म्हणजे पाणी आणि सरपण आणखीच जास्त. आणि दख्खनमध्ये धान्याची वाहतूक तर पिढ्यान्‌पिढ्या बंजाऱ्यांच्या बैलांवर चालली. १८०३ मध्ये वेलस्ली असईच्या लढाईपर्यंत आला तो याच तांड्यांच्या धान्यावर विसंबून. हिंगोली जिल्ह्यात आज इतके तांडे आहेत, पण पलटणीच्या इतिहासात तांड्याचं नाव कुणी घेत नाही.

पलीकडच्या बाजूचा साक्षीदार म्हणून मी टॉमस लो याचं पुस्तक वाचलं. मद्रास सॅपर्सबरोबरचा डॉक्टर, पुस्तक १८६० चं. गंमत म्हणजे त्याची हकीकत औरंगाबादेपासून सुरू होते आणि ग्वाल्हेरला संपते, म्हणजे जवळजवळ आपलीच वाट. डॉक्टर असल्यानं ऊन, धूळ, तहान, आजार याकडे त्याचं लक्ष आहे, आणि ती पानं मला उपयोगी पडली. बंडवाल्यांबद्दलची भाषा वाचवत नाही इतकी विखारी आहे. उन्हानं पडणाऱ्यांत त्याला आधी गोरा दिसतो, मग देशी शिपाई, आणि गाडीवानापर्यंत येता येता त्याची शाई संपते. दोन लेखक, दोन विरुद्ध बाजू, आणि आंधळा कोपरा दोघांचा एकच! देशी शिपायानं स्वतः लिहिलेलं म्हणावं तर सीताराम पांडे या सुभेदाराच्या नावावरची आठवण आहे, पण ती खरंच त्यानं लिहिली का यावर वाद आहे.

कुंचला ७ मेच्या दिवशी सावलीत ११० फॅरनहाइटच्या आसपास तापमान होतं, म्हणजे आपले ४३. गोरे शिपाई गोळी न लागता मेले. खुद्द रोज त्या दिवशी पुन्हा पुन्हा भोवळ येऊन पडला, अंगावर पाणी ओतून त्याला परत घोड्यावर बसवलं. पुढं रोजच्या कागदांत असा उल्लेख येतो की बंडवाल्यांचा हुकूम होता, फिरंग्यांवर सकाळी दहाच्या आत हल्ला करायचा नाही, ऊन त्यांना आपोआप मारतं. माझ्या विषयात याहून थेट कागद मला माहीत नाही. ऊन हे हत्यार म्हणून कुणीतरी विचारपूर्वक वापरलं.

पण हे हत्यार दुधारी आहे. दहानंतर लढायचं तर आपला शिपाईही दहानंतर उन्हात. शरीर उन्हाला सरावतं, त्याला दहा-पंधरा दिवस लागतात. घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं. इथल्या माणसाला हा सराव होता, हे खरं. पण सराव झालेल्या शरीराला घाम जास्त येतो, म्हणजे पाणीही जास्त लागतं, कमी नाही. काल्पीच्या आधी रोजनं गोलौलीला तळ हलवला, यमुनेच्या काठावर. पलीकडून मदतीला येणाऱ्या फौजेशी त्याला जोडून घ्यायचं होतं, आणि शिवाय हाताशी नदी आली. बुंदेलखंडाच्या मे महिन्यात आटणाऱ्या विहिरींऐवजी नदी म्हणजे काय, तो विहिरीचा तेरा तासांचा हिशोब पुन्हा आठवा.

बैलाचं सांगते. आमच्या नोंदींत असं दिसतं की सकाळी साडेअठ्ठ्याऐंशी नव्हे, साडेअडतीसवर (लाथ बसण्याच्या भीतीनं मी एकदा खरंच ८८.५ लिहिलं होतं) असलेलं तापमान ऊन आणि काम मिळून चाळीसच्या वर जातं, श्वास तिपटीनं वाढतो, आणि मग बैल चरत नाही. सावलीत सोडला तरी लगेच खात नाही, उभा राहून धापा टाकतो. खाल्लेलं रवंथ करायला त्याला निवांत तास लागतात, ते मिळाले नाहीत तर पोटात चारा असून तो उपाशी. रात्री कूच आणि दिवसा ऊन, मग त्यानं खायचं कधी? म्हणून फौजेतला बैल एका दिवसात मरत नाही. तो तीन आठवडे रोज थोडा थोडा बारीक होतो आणि एका सकाळी जुवाखालून उठत नाही. डॉक्टर त्याची नोंद ठेवत नाही, भटजी ठेवत नाहीत. रसद खात्यानं फार तर आकडा लिहिला असेल, किती विकत घ्यायचे त्याचा. "दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला" ही म्हण आपण विनोदानं वापरतो. फौजेच्या कागदांत पखालीचा हिशोब तरी असायचा, कातड्याला किंमत होती.

परीक्षकांच्या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचं राहिलं होतं. ऊसतोडीच्या हंगामात आजही गाडी, जोडी, बाई, पोरं असा सगळा संसार रस्त्यावर येतो, रात्री दोनला फडात, दिवसा मुक्कामावर. कूच करणाऱ्या फौजेची वेळ आणि या टोळीची वेळ मी शेजारी शेजारी लिहून बघितली आणि वहीच मिटली. टोळीत उन्हानं माणूस आजारी पडला तर निदान दवाखान्याच्या चिठ्ठीवर ते येण्याची शक्यता असते. बैल बसला तर मुकादमाच्या वहीत उचल वाढते, बस.

म्हणून 'माझा प्रवास' वाचा, पण त्यातल्या मोठ्या माणसांकडे थोडं दुर्लक्ष करून. प्रत्येक पानावर विचारा, हे सामान कोण वाहत होतं, पाणी कुठून आलं, आज किती कोस झाले. बऱ्याच पानांवर उत्तर आहे. नाही तिथं भटजींवर रागवा, मीही रागावते. एवढं मोठं पायी चाललेलं पुस्तक आपल्याकडे आहे आणि आपण त्यातून विहिरीवरचं एक संभाषण तेवढं पाठ केलं, हे मला पटत नाही.

शेवटी एक काम तुमच्याकडे आहे. रिसाला, पलटण, पेन्शनपुरा किंवा तोफखान्यात तुमचं जुनं घर असेल, आणि पेटीच्या तळाशी पेन्शनचा एखादा उर्दू किंवा मोडी कागद, बिल्ला, नाहीतर पखालीचं जुनं कातडं पडलेलं असेल, तर मला कळवा. तांड्यावरच्या कुणाच्या आजीला फौजेला धान्य नेण्याची गोष्ट किंवा गाणं आठवत असेल तर तेही. मी वही घेऊन येईन. मे सोडून कधीही, मेमध्ये मी बैलांमागे असते.